पेलेटची वाटी आणि गवताची पेंडी

प्रश्न : डॉक्टर, आमच्याकडे दोन ससे आहेत, एक नर, एक मादी. दोघांचीही ऑपरेशनं झाली आहेत. वय दोन वर्षं, वजन प्रत्येकी पावणेदोन किलोच्या आसपास. सकाळ-संध्याकाळ वाटीभर पेलेट, म्हणजे दुकानात मिळतात त्या दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, देतो, शिवाय कोथिंबिरीच्या काड्या आणि गाजर. दुकानदार म्हणतो, पेलेटमध्ये सगळं असतं, दुसरं काही नाही दिलं तरी चालेल. माझी नणंद कॅनडात असते, तिच्याकडेही ससा आहे. ती म्हणते, पेलेट पूर्ण बंद कर आणि नुसतं गवत दे. इथे परदेशी टिमोथी गवताचं पाकीट आणलं तर दोघांना आठवडाभरही पुरत नाही, आणि परवडतही नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, गवत आणणार कुठून? सशाला पेलेट लागतातच का, एवढंच सांगा. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, एवढंच विचारलंत म्हणून आधी तेवढंच सांगते. नाही, लागतातच असं नाही. दोन वर्षांच्या धडधाकट सशाला दिवसरात्र चांगलं गवत समोर असेल आणि रोज दोन-तीन मुठी वेगवेगळा पाला मिळत असेल, तर पेलेटचा एक दाणाही न खाता तो छान जगतो. गवत मात्र लागतंच. तुमच्या पत्रात पेलेट आहेत, कोथिंबीर आहे, गाजर आहे. गवत फक्त पाकीट परवडेल तेव्हा. मला काळजी त्याची वाटते. नणंदबाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण त्या ज्या गवताच्या भरवशावर बोलतात ते तुमच्या घरात अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत पेलेट बंद करू नका.

आता का, ते सांगते. जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दहा सशांपैकी सात-आठ तरी याच एका गोष्टीपायी आलेले असतात.

माझ्याकडे ठकी नावाची सशीण होती. पुण्यात दवाखाना सुरू केला त्याच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी खोक्यात घालून दाराशी ठेवून गेलं होतं. कॉलेजात आम्ही गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कुत्री शिकलो. ससा शिकलो तो मांसासाठी पाळायचा प्राणी म्हणून. तिथे खाद्य म्हणजे गोळीखाद्य, म्हणून मीही ठकीला तेच घातलं. ती गुबगुबीत झाली, केस तुकतुकीत, बघणारा म्हणायचा काय छान ठेवलीय. चौथ्या वर्षी ती पेलेट तोंडात घ्यायची आणि टाकून द्यायची. हनुवटीखालची लव सारखी ओली. तोंडात नळीचा दिवा घालून पाहिलं तर खालच्या दाढेला आतल्या बाजूला काचेच्या टवक्यासारखं टोक आलेलं, आणि जिभेच्या कडेला त्या टोकाने पाडलेली खाच. खाचेत पांढरट थर. भूल देऊन टोक घासलं, ती खायला लागली. दोन महिन्यांनी टोक पुन्हा आलं. असं वर्षभर चाललं आणि सहाव्या वेळी ती भुलेतून उठली नाही. तिला जे लागत होतं ते माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, गोठ्याच्या माळ्यावर गंजी रचून पडलेलं होतं.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे पटाशीचे आणि मागच्या दाढाही. एकूण २८ दात. पटाशीचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. जेवढे वाढतात तेवढे झिजले पाहिजेत. गवताची लांब काडी चावताना सशाचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, काडीतली वाळूसारखी चरचरीत सिलिका दाढा घासत राहते. पेलेट चावताना जबडा उखळातल्या मुसळासारखा वर-खाली होतो. दोन-चार चावात दाणा फुटला, गिळला, संपलं. दाढेच्या कडा झिजायच्या राहतात. शिवाय वाटीभर पेलेट दहा मिनिटांत संपतात आणि पोट भरतं. गवतावरचा ससा दिवसातले कितीतरी तास चघळत बसतो. तुमचे ससे मोबाइलची वायर, सोफ्याचा कोपरा, भिंतीचं प्लास्टर कुरतडत असतील, तर त्यांना रिकामं तोंड सहन होत नाहीये हे समजा.

दुसरी गोष्ट पोटाची. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि ते सरकवायला जाडाभरडा चोथा लागतो. लहान आतडं संपतं तिथे सशाच्या पोटात एक मोठी पिशवी असते, आम्ही तिला सीकम म्हणतो. चोथ्याचे मोठे तुकडे आतडं बाजूला काढतं आणि त्यांच्या कोरड्या, गोल, वाटाण्याएवढ्या लेंड्या करून बाहेर टाकतं. बारीक भाग पिशवीत परत जातो. तिथले जंतू तो आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि बी व के जीवनसत्त्वं तयार होतात. मग रात्री-पहाटे त्याची मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी बनते आणि ससा वाकून ती थेट गुदाशी तोंड लावून खातो. काही जण हे पाहून घाबरतात, सशाला ओरडतात. ओरडू नका, तो त्याचा दुसरा घास आहे. देवाने त्याच्या पोटातच पेलेटचा कारखाना दिला आहे, कच्चा माल तेवढा गवताचा हवा.

लांब काडीचा चोथा कमी आणि पिष्ट जास्त झालं की हा कारखाना बिघडतो. आतडं मंदावतं, वायू धरतो, ससा एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतो, दात करकर वाजवतो. हे दुखण्याचं लक्षण आहे. दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाने फ्रिजवर लिहून लावावी.

मग पेलेट आले कुठून? शेकडो ससे एका शेडमध्ये ठेवायचे, प्रत्येकाला सारखं खाद्य मिळायला हवं, पिल्लांचं वजन झपाट्याने वाढायला हवं, यासाठी ते बनले. प्रयोगशाळेतल्या सशांनाही तेच सोयीचं. आपल्याकडे राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे, तिथे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या मांसाच्या जाती जोपासल्या जातात. अशा ठिकाणी पेलेटचा उपयोग मला पूर्ण मान्य आहे. मांसाचा ससा तीन-चार महिन्यांत विक्रीला जातो. तुमचे दोघं आठ-दहा वर्षं तुमच्या हॉलमध्ये राहणार आहेत, आणि त्यांना वजन वाढवायचं नाहीये.

‘नुसत्या गवतावर ससा जगतो हे कुणी तपासलंय का?’ असं मला एका आयटीतल्या मुलाने विचारलं होतं. तपासलंय. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात ३२ डच जातीच्या सशांवर १७ महिने अभ्यास झाला. चार गट केले होते : गवत आणि एकसारखे पेलेट, गवत आणि दाण्यांचं रंगीत मिश्रण, नुसतं मिश्रण, नुसतं गवत. नुसत्या मिश्रणावरच्या सशांचे दात बिघडले, लेंड्या बारीक झाल्या. मिश्रण खाणाऱ्या सशांच्या मऊ लेंड्या न खाता पडून राहण्याचं प्रमाणही जास्त होतं. नुसत्या गवतावरचे ससे सडपातळ राहिले आणि त्यांनी पाणी भरपूर प्यायलं. मक्याचे दाणे, वाटाणे, लाल-पिवळे तुकडे घातलेलं खाद्य आपल्या दुकानांतही मिळतं. ससा त्यातलं गोड-पिठूळ वेचून खातो, बाकीचं ठेवतो. ते आणूच नका. त्यापेक्षा साधे, एकाच रंगाचे, कंटाळवाणे दिसणारे पेलेट कितीतरी बरे.

आता गवताचं. टिमोथी थंड हवेतलं गवत आहे, ते आपल्या मैदानी भागात पिकत नाही, म्हणून ते परदेशातून येतं आणि महाग पडतं. पण सशाला टिमोथीच हवं असं कुठे आहे? त्याला गवत हवं. तुम्ही डोंबिवलीत आहात. कल्याण-भिवंडीकडे म्हशींचे तबेले आहेत, त्यांना वाडा-मुरबाडकडून गवताचे भारे येतात. तिथे जाऊन विचारा. फक्त मागताना ‘गवत’ मागा, ‘पावळी’ नको. पावळी म्हणजे भाताचा पेंढा, दाणा काढून घेतलेला. त्यात चोथा आहे, कस नाही. पेलेट कमी करून पेंढा घातलात तर ससे खंगतील. त्यांच्या पेटीत अंथरायला पेंढा छान.

गवत हातात घेऊन बघा. हिरवट झाक असावी, वास गोडसर, चहाच्या पुड्यासारखा. काळे ठिपके, धूळ, कुबट वास असेल तर भारा कितीही स्वस्त पडो, परत करा. आणि कुसळं बघा. आमच्याकडे डोंगरउतारावरचं गवत दसऱ्यानंतर कापतात, तोवर कुसळी गवताला टोकदार कुसळं धरलेली असतात. धोतराला चिकटतात ती, तीच. ती सशाच्या हिरडीत शिरतात, डोळ्यात जातात. गेल्या दिवाळीत एका सशाच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मी चिमट्याने पाऊण इंचाचं कुसळ काढलं, आठवडाभर त्याच्या घरचे डोळा आला म्हणून थेंब घालत होते. मारवेल किंवा पवना, फुलोऱ्यात कापून वाळवलेलं मिळालं तर सोनं समजा. ओटचं वाळलं गवतही उत्तम, ते आता भारतातही पिकवून विकतात. ज्वारीचा वाळलेला कडबा पानासकट थोडा चालतो, पण कोवळं हिरवं धाट कधीच नको. त्याने गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, सशाचं तर विचारूच नका.

देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बाईकडे हिरव्या पेंड्या असतात, त्यात बऱ्याचदा लसूणघास असतो. ससे त्यावर तुटून पडतात. पण तो शेंगावर्गातला, प्रथिनं आणि कॅल्शियम खूप. वाढत्या पिल्लाला आणि गाभण सशिणीला तो चांगला, तुमच्या दोघांना आठवड्यातून एखादी मूठ पुरे. सशाची तऱ्हा अशी की खाण्यातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम तो शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. फरशीवर लघवी वाळून खडूची पूड राहत असेल तर शेवग्याचा पाला, लसूणघास आणि पेलेट तिन्ही कमी करा. लघवी लालसर दिसली तर मात्र लगेच घाबरू नका, पाल्यातल्या रंगानेही ती तशी होते. ससा कुंथत असेल तर दाखवा.

ओल्या गवतात दूर्वा-हरळीला तोड नाही. गणपतीच्या देवळापाशी जुड्या विकणाऱ्यांकडून रोज थोड्या घेता येतील. सोसायटीच्या लॉनवरचं गवत तणनाशक मारलेलं नाही याची खात्री असेल तरच. पाल्यात कोथिंबीर, पुदिना, शेपू, मेथी, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पानं, गाजराचा शेंडा. भाजीवाली हे पाले तोडून फेकते, तिला सांगून ठेवा. पालक आणि माठ कमी. गाजर म्हणजे त्यांचा पेढा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही रोज नको. कांदा, लसूण, त्यांची पात, टोमॅटो-बटाट्याचा पाला, रुई, कण्हेर, घाणेरी, एरंड अजिबात नाही. सुबाभूळ शेळ्यांना घालतात म्हणून बरेच जण आणतात, पण त्यातल्या मिमोसिनने सशाचे केस झडतात, पुढे त्याहून वाईट होतं. एका शाळकरी मुलाने नावावरून फसून आपल्या सशाला गाजरगवत आणून घातलं होतं. काँग्रेस गवत म्हणतात तेच ते, विषारी. नशिबाने सशाने हुंगून सोडलं. त्या लेकराला वाटलं होतं, गाजर आवडतं तर गाजराचं गवतही आवडेल. घरात मुलं असतील तर त्यांना हे झाड दाखवून ओळख करून द्या.

हे सगळं जमलं की पेलेट कमी करा, पण एका दिवसात नाही. पोटातल्या जंतूंना बदल कळायला वेळ लागतो. आठवडाभर आहे ते चालू ठेवून गवत वाढवा. सशाच्या आकाराएवढा ढीग एका सशाला रोज, खाल्ला नाही तरी ताजा बदला. ससा गवतावर बसून, मुतून ते नासवतो, म्हणून ढीग मुताच्या पेटीशेजारीच लावा. बसल्याबसल्या खायची त्याला सवयच असते. मग दर आठवड्याला पेलेट पाव-पाव कमी करत चार आठवडे घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून दर रविवारी वजन करा आणि लिहून ठेवा. शंभर ग्रॅम उतरले तर तिथेच थांबा, आधीच्या मापावर जा आणि डॉक्टरांना दाखवा. लेंड्या मोठ्या, कोरड्या, चुरगाळल्यावर गवताचा भुगा दिसणाऱ्या झाल्या, तर तुमचं जमलं.

आणि खरं सांगू, तुमच्यासारख्या घरात मी पेलेट शून्यावर आणायचा आग्रह धरत नाही. पावसाळ्यात गवत मिळत नाही, एकाच जातीचं गवत महिनोन्‌महिने चालतं, ससे उन्हात जात नाहीत आणि बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही. अशा घरी किलोमागे १० ते १५ ग्रॅम पेलेट रोज चालू ठेवावेत, कमी-जास्त राहिलेलं भरून निघतं. ब्रिटनमधले जाणकार किलोमागे २५ ग्रॅमपर्यंत मोकळीक देतात, मी त्याच्या वर जाऊ देत नाही. तुमच्या पावणेदोन किलोच्या सशाला म्हणजे २० ते २५ ग्रॅम, तेही वाटीत न घालता गवतात विखरून द्यावेत, शोधून खाऊ देत. पाकिटावर फायबर १८ टक्क्यांच्या खाली नको, प्रथिनं १२ ते १४, स्निग्ध ३ च्या आत. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, दूध पाजणारी सशीण, आजारातून उठलेला किंवा म्हातारपणी वजन न धरणारा ससा यांचे पेलेट काढू नका.

पाणी पसरट, जड वाटीत ठेवा. गवतावरच्या सशाला पाणी जास्त लागतं आणि बाटलीच्या नळीतून थेंब-थेंब पिऊन त्याचं भागत नाही.

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळच्या खेड्यात राहतो. मुलीने ससा आणलाय. शहरातून आणलेल्या सुट्या पेलेटना पावसात वास येतो, उन्हात वाळवून वापरले तर चालतील का? नाहीतर घरी गाय आहे, तिची कांडी पेंड दिली तर? दिसायला सारखीच आहे. — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दोन्ही नको. वास आला म्हणजे बुरशी धरली. उन्हात बुरशी वाळते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन जागचं हलत नाही, भाजूनही जात नाही, आणि ससा त्या विषाला फार नाजूक असतो, यकृत जातं. ते पेलेट गाईलाही घालू नका, खड्ड्यात पुरा. सुटे घेऊच नका, पोत्याचं तोंड कधी उघडलं हे दुकानदारालाही आठवत नसतं. महिनाभर पुरेल एवढं बंद पाकीट आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कांडी पेंड गाईच्या चार कप्प्यांच्या पोटासाठी असते. तिच्यात सरकी असते, कधी युरियाही असतो. गाईला तो पचतो, सशाला नाही. कोंबडीखाद्य तर त्याहून वाईट, त्यात कोंबड्यांना रोग होऊ नये म्हणून सॅलिनोमायसिनसारखी औषधं मिसळलेली असतात, ती सशाला मारतात.

तुमच्या बांधावर जे उगवतं त्यासाठी शहरातले लोक पैसे मोजतात. श्रावणात हरळी कापून आणा, ओटीवर पंख्याखाली पसरा, पाणी निथळलं की द्या. चिंब ओलं, ढीग करून गरम झालेलं गवत मात्र देऊ नका. आणि गणपती झाल्यावर ऊन पडायला लागलं की फुलोऱ्यातलं गवत कापून, वाळवून, माळ्यावर पुढच्या पावसापुरतं साठवून ठेवा. घरचं गवत असेल तर तुम्हाला पेलेट आणायची गरजच पडणार नाही.

प्रश्न : माझ्या सशाला वरचेवर जुलाब होतात, मागची बाजू चिकट असते, काळ्या मऊ गुठळ्या केसांना धरून बसतात. खाणं उत्तम आहे, पेलेटची वाटी सतत भरलेली असते. घरची द्राक्षबाग आहे, द्राक्षं फार आवडतात म्हणून रोज पाच-सहा मणी देते. — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हे जुलाब वाटत नाहीत. वर सांगितली ती मऊ लेंडी आहे, त्याने खायची राहिलेली. सतत भरलेल्या वाटीने पोट इतकं भरतं की ती खायची इच्छा उरत नाही, किंवा तो इतका जाड झाला असेल की वाकून तोंड पोचत नाही. हाताने बघा : पाठीवरून हलका हात फिरवला की बरगड्या पातळ गादीखालच्या पट्ट्यांसारख्या लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर जाड आहे.

द्राक्षं आजपासून बंद. बागेतली पानं तर अजिबात नको, तुम्हालाच ठाऊक आहे छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात. वाटी उचला, किलोमागे १५ ग्रॅम मोजून द्या आणि बाकी दिवसभर गवत. दोन-तीन आठवड्यांत मागची बाजू कोरडी होईल. तोवर रोज कोमट पाण्याने तेवढाच भाग पुसून कोरडा करा, पूर्ण आंघोळ नको. पावसाळ्यात हे रोज पाहाच. घाणीवर माशी बसून अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या जिवंत मांसात शिरतात. तशी अळी दिसली तर घरी काही करत बसू नका, लगेच दवाखान्यात आणा. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध घरात असेल तर तेही सशाला लावू नका, फिप्रोनिल सशाला घातक आहे.

पातळ, पाण्यासारखं होत असेल तर ती गोष्ट वेगळी. त्याच दिवशी दाखवा आणि माणसांची अमॉक्सिसिलिनची गोळी तोंडातून देऊ नका, तिने पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावतो.

प्रश्न : ऊसतोड चालू असताना फडात सशाचं पिल्लू सापडलं, मुलगा घरी घेऊन आला. डोळे उघडे आहेत, अंगावर केस आहेत. पाळायचं म्हणतोय. त्याला कुठले पेलेट भिजवून द्यावेत? — एक वाचक, कराडजवळून

उत्तर : कुठलेच नाही. हा पेलेट खाणारा ससा नव्हे. घरी पाळतात तो मूळ युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं जन्मतः उघडी-बोडकी, मिटल्या डोळ्यांची असतात. तुमच्या मुलाला मिळालं ते आपल्या रानातल्या सशाचं, ज्याला इंग्रजीत हेअर म्हणतात. मराठीत दोघांना एकच नाव असल्याने हा घोळ दरवर्षी होतो. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो, तो घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि कोंडलेलं पिल्लू बहुतेक वेळा भीतीनेच मरतं.

ते पोरकं नाही. सशीण पिल्लांना वेगवेगळं दडवून ठेवते आणि दिवसा त्यांच्याकडे फिरकत नाही, म्हणजे वास घेत कोल्हा-कुत्रा येऊ नये. अंधार पडल्यावर येऊन एकदा पाजते. तेव्हा गाईचं दूध पाजू नका, फडक्यात धरून झाकण टोचलेल्या खोक्यात शांत ठेवा आणि आजच संध्याकाळच्या आत जिथून उचललं तिथे न्या. तो फड तोडून मोकळा झाला असेल तर लगतच्या बांधावरच्या गवतात, झुडपाच्या आडोशाला ठेवा, पाचट पेटवणार असतील त्या बाजूला नको. टोळीच्या मुकादमाला जागा दाखवून ठेवा आणि कुत्री बांधायला सांगा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. पिल्लू जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मुलाला सोबत न्या. खोकं त्यालाच उघडू दे, आणि मग दोघं लांब जाऊन बसा.